नाडगौडा सरांचं विमान

सही करायची वेळ आली की नाडगौडा सर पेन खाली ठेवत. टोपण लावून, टेबलाच्या कडेला समांतर. मग उठून, ज्या वस्तूवर सही करायची तिच्याभोवती पुन्हा एकदा फिरत. वस्तू म्हणजे बहुतेक वेळा पंपाला लागणारा हातभर लांबीचा व्हॉल्व्ह. त्याच्याभोवती फिरण्यासारखं काही नसे. पण सर फिरत, वाकून खालच्या बाजूनं बघत. वाकताना चष्मा कपाळावर चढवत आणि डाव्या हातानं टाय छातीशी धरून ठेवत. मग खुर्चीत बसून टोपण काढत आणि सही करत. पूर्ण आडनाव, एकही अक्षर न खाता.

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीजवळ एका लहान कारखान्यात ते तपासणी विभागाचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली इन्स्पेक्टर. ही १९८०च्या दशकातली गोष्ट. अमेरिकन लोकांना त्यांचं आडनाव जमत नसे, ते त्यांना ‘नॅड’ म्हणत. मी सर म्हणायचे. मी करमाळ्याच्या शाळेत शिकलेली. ज्यांच्याकडून काही शिकले त्यांना दुसरं काही म्हणणं मला आजही जमत नाही.

सरांबद्दल लिहावं असं पुष्कळदा वाटलं आणि दर वेळी मी थांबले. आता सर नाहीत, त्यांच्या पत्नी उषाकाकू नाहीत, आणि ज्यांच्यासाठी मी थांबले त्या शालिनीताईही गेल्याचं मागच्या वर्षी कळलं. ज्यांना या लिहिण्यानं दुखावलं जाईल असं कुणी उरलेलं नाही. तरी नावं मी बदलली आहेत.

त्यांनी मला नोकरी कशी दिली ते आधी सांगते. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा आला तो माझ्या नावाचा. माझे वडील एसटीच्या आगारात बसचे टायर बदलायचे. मला इंजिनिअर करायचं त्यांनी ठरवलं तेव्हा इंजिनिअर नक्की काय करतो हे त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही. लग्न होऊन अमेरिकेत आल्यावर त्या पदवीला कुणी विचारेना. प्रत्येक मुलाखतीत इथला अनुभव आहे का हा प्रश्न यायचा आणि मुलाखत तिथंच संपायची. नाडगौडा सरांनी तो प्रश्न विचारलाच नाही. त्यांनी एक पितळी भाग माझ्यासमोर ठेवला आणि काय दिसतं ते सांगायला सांगितलं. मी बराच वेळ बघितलं. आतल्या बाजूला एक बारीक ओरखडा होता. मी तो दाखवला. हा भाग पास करायचा की नापास, असं त्यांनी विचारलं. मी खूप घाबरले होते, आणि थाप मारायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी म्हणाले, “मला माहीत नाही, सर. ओरखडा दिसतोय. त्यानं बिघडतं की नाही ते मला सांगता येणार नाही.”

“सोमवारपासून या,” ते मराठीत म्हणाले. आडनावावरून मला ते कानडी वाटले होते, मराठी आहेत हे तोवर माहीत नव्हतं. नंतर त्यांनी सांगितलं की माझ्याआधी आलेल्यांपैकी कुणी पास म्हणालं होतं, कुणी नापास. माहीत नाही असं कुणीच म्हणालं नव्हतं.

कारखान्यात ते लोकप्रिय मुळीच नव्हते. उत्पादनाचा फोरमन रे हा मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. शुक्रवारी दुपारी ट्रक दाराशी उभा असायचा आणि सर व्हॉल्व्हची शेवटची पेटी उघडून बसलेले असायचे. रे तिथंच येरझाऱ्या घालायचा. एकदा तो म्हणाला, “नॅड, इट्स अ व्हॉल्व्ह. यू आर नॉट मॅरीइंग युअर डॉटर टू इट.” सगळे हसले. सरही हसले आणि पुन्हा खाली वाकले. त्या दिवशी ट्रक रिकामा परत गेला. सोमवारी पेटी पुन्हा तपासली, तिच्यात काहीही दोष निघाला नाही. बहुतेक वेळा निघायचाच नाही. सर काही चमत्कार करत नसत. ते फक्त खात्री झाल्याशिवाय सही करत नसत, आणि त्यांची खात्री फार उशिरा व्हायची. इतकी उशिरा का, ते मला पुढं कळलं.

त्यांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे होतं. घरी उषाकाकू आणि रेणू. रेणू तेव्हा हायस्कूलला होती. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीतून यायचं. रविवारी दुपारी काकू मला आणि माझ्या नवऱ्याला जेवायला बोलवत. जेवण झालं की सर उठत आणि बेसमेंटमध्ये जात. पहिल्या वेळी मला वाटलं, झोपायला गेले असतील. रेणू म्हणाली, “नो, ही इज वॉशिंग हिज प्लेन.”

खाली, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या बाजूला एक जुनं स्वयंपाकघरातलं टेबल होतं. त्यावर दिवा, लहान बाटल्यांतले रंग, टर्पेंटाइन, बारीक ब्रश आणि शाई फवारावी तसा रंग फवारणारा एक पेनाएवढा एअरब्रश. मधोमध प्लॅस्टिकचं वीतभर विमान. आपल्या हवाई दलात तेव्हा असलेलं हंटर जातीचं लढाऊ जेट. वरून हिरव्या आणि करड्या रंगाचे पट्टे, पोट चंदेरी. अशा विमानांचे सुटे भाग पेटीत मिळतात, ते चिकटवून रंगवणारे शौकीन अमेरिकेत गावोगावी होते. त्यांचा एक क्लब चर्चच्या हॉलमध्ये भरायचा. सर एकदा मला तिथं घेऊन गेले.

क्लबमधली विमानं मला फार सुंदर वाटली. धूर, काजळी, गंज, उडालेला रंग, सगळं खरं वाटावं असं. एका माणसाच्या जेटला तर बक्षीस मिळालं होतं. सरांनी ते हातात घेऊन खालीवर बघितलं आणि त्या माणसाला नम्रपणे विचारलं, की तुमचं विमान उलटं उडतं का. त्यानं पंखाखाली तेलाचे ओघळ रंगवले होते, ते शेपटीकडून नाकाकडे गेले होते. विमान पुढं जातं, वारा मागं जातो, तेलही मागंच जाणार. तो माणूस लाल झाला. येताना गाडीत मी म्हटलं, की सर, एवढं कशाला, छंद आहे त्यांचा. तेव्हा ते म्हणाले, “घाण काढता येते गं कुणालाही. पण प्रत्येक डागाला काहीतरी झालेलं असावं लागतं. काही न होता डाग पडत नाही.”

स्वतःच्या विमानावर ते असे डाग एकेक करून आणत. आधी मूळ रंगात थेंबभर पांढरा मिसळून उन्हानं विटलेला भाग करायचा, तोही सगळीकडे नाही, जिथं ताडपत्रीचं आच्छादन पोचत नसे तेवढाच. मग पातळ केलेला काळपट रंग पत्र्याच्या सांध्यांमधून सोडायचा आणि वरचा पुसून घ्यायचा. खडू सँडपेपरवर घासून त्याची पूड बंदुकीच्या तोंडाशी बोटानं लावायची. पंखांच्या पुढच्या कडेला, वाळूनं रंग झिजतो तिथं, जवळजवळ कोरड्या ब्रशनं चंदेरी रंग नुसता टेकवायचा. इंधन भरायच्या झाकणाजवळ ओला डाग. चाकांवर ब्रेकची धूळ. वैमानिक शिडीवरून आत पाय टाकतो तिथं बुटानं घासलेली जागा. प्रत्येक डाग करताना ते डोळे मिटून बसत आणि मग ब्रश उचलत. मी शेजारी स्टुलावर बसून बघायचे. ते फारसं बोलत नसत.

सगळं झालं की विमान उलटं करत. चंदेरी पोट वर. ब्रश तपकिरी रंगात बुडवत, पोटाजवळ नेत आणि थांबत. मग ते ब्रश धुवून ठेवत. पुढच्या रविवारी गेलं तर विमान रसायनात बुडवून पार कोरं केलेलं असायचं, पांढरं प्लॅस्टिक तेवढं उरलेलं. आणि पुन्हा पहिल्यापासून. रेणू त्यालाच ‘वॉशिंग’ म्हणायची.

यामागचं कारण मला काकूंनी सांगितलं. आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर मेथी निवडत होतो. सर आधी भारतात हवाई दलात इंजिनिअरिंग अधिकारी होते. विमान उडायच्या आधी ते तपासून, उडायला योग्य आहे अशी सही करायची हे त्यांचं काम. तळावर अरविंद नावाचा एक तरुण वैमानिक होता. त्याची बायको शालिनी ही काकूंची मैत्रीण, दोघी शेजारच्या क्वार्टर्समध्ये राहायच्या. लढाई नव्हती, काही नव्हतं. सकाळचा नेहमीचा सराव. सरांनी अरविंदचं विमान तपासलं, सही केली, विमान गेलं आणि समुद्रावर असताना कोसळलं. फार थोडं हाती आलं. चौकशी झाली, कारण कळू शकलं नाही असा निष्कर्ष निघाला. सरांना कुणी एका शब्दानं दोष दिला नाही.

“तोच घोळ झाला,” काकू म्हणाल्या. “दोष दिला असता तर बरं झालं असतं. ते म्हणतात, पोटाखाली तेलाचा ओघळ होता असं मला वाटतं. मग म्हणतात, नव्हता. मी वाकलो होतो हे आठवतं, टोपी पडली होती हे आठवतं, खालचं सिमेंट ओलं होतं हे आठवतं. तेवढ्यात कुणीतरी फोनसाठी हाक मारली हेही आठवतं. काय दिसलं ते आठवत नाही म्हणतात.”

म्हणून ते विमान. त्या सकाळी विमानावर जे जे होतं आणि जे त्यांना नक्की आठवत होतं, ते ते सगळं जसंच्या तसं केलं, एकही डाग खोटा राहिला नाही, तर शेवटचा डाग होता की नव्हता हे आपोआप समोर येईल, अशी त्यांची समजूत होती. काकूंना ती वेडगळ वाटायची. मला वाटली नाही. आमच्या कामात आम्ही तेच करायचो. माहीत असलेलं सगळं मापून घ्यायचं, मग उरलेलं दिसतं. फक्त आमच्यासमोर वस्तू असायची.

त्या वर्षीच्या दिवाळीत तिथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. फराळाच्या रांगेत एक बाई काकूंकडे बघत राहिल्या आणि मग पुढं येऊन त्यांनी काकूंचा हात धरला. त्या शालिनीताई. अरविंद गेल्यावर त्या माहेरी गेल्या, पुढं त्यांनी दुसरं लग्न केलं. आता कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहत होत्या आणि नणंदेकडे आल्या होत्या. दोघी मैत्रिणी भिंतीशी उभ्या राहून रडल्या. सर लांब, पाण्याच्या नळाजवळ उभे होते. शालिनीताईंनी त्यांना ओळखलं, नमस्कार केला आणि रविवारी घरी येते असं सांगितलं.

काकूंनी मला शनिवारी फोन केला. “तूही ये गं उद्या. परकं माणूस असलं की माणसं आवरून बोलतात.”

शालिनीताई आल्या त्या पेढे घेऊन. उंच, केस आखूड कापलेले, बोलणं मोजकं. चहा झाला, मुलांच्या शाळांबद्दल बोलणं झालं, कॅलिफोर्नियातल्या ट्रॅफिकबद्दल झालं. अरविंदचं नाव कुणी काढेना. ते काढलं रेणूनं, तिच्या नकळत. ताईंचे पहिले पती कोणतं विमान उडवत हे तिनं सहज विचारलं आणि उत्तर ऐकून ती म्हणाली, “डॅड हॅज द सेम प्लेन डाउनस्टेअर्स. ही’ज बीन मेकिंग इट फॉरेव्हर.”

मग ताईंनी सरांना विचारलं, “बघू?”

आम्ही सगळेच खाली गेलो. विमान त्या वेळी जवळजवळ पुरं झालेलं होतं, पोट सोडून. ताईंनी ते उचललं. त्यांना विमानातलं काही कळत असेल असं मला वाटलं नव्हतं. पण त्यांनी वैमानिकाच्या बसायच्या जागेखालची ती घासलेली खूण बघितली आणि तिच्यावर अंगठा ठेवला.

“पाय घासत चढायचा,” त्या म्हणाल्या. “घरीसुद्धा. उंबऱ्याचा रंग घालवला होता.”

“हो,” सर म्हणाले. “मी ओरडायचो त्याला.”

मग ताईंनी विमान उलटं केलं. चंदेरी पोट कोरं होतं. त्या कुणाकडेही न बघता बोलायला लागल्या.

“भावजी, त्या दिवशी त्याला सर्दी होती. दडे बसले होते कानांना. डॉक्टरला कळलं असतं तर उडू दिलं नसतं. मला म्हणाला, कुणाला बोलू नकोस, सरावातून नाव जाईल. मी त्याला गोळी दिली. माहेरून आणलेली, घरात असते तशी. सकाळी चहाबरोबर. तिनं झोप येते, वैमानिकानं ती घ्यायची नसते, हे मला तो गेल्यावर कळलं. कुणाच्या तरी तोंडून, असंच बोलता बोलता. मी कुणाला सांगितलं नाही. चौकशीत मला विचारलं नाही. घरी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही.”

फर्नेस सुरू झाला, त्याचा आवाज झाला. ताई थांबल्या, तो आवाज सरावाचा होईपर्यंत.

“तुम्ही तपासलं होतंत विमान. मला एवढंच सांगा. विमानात काही होतं का?”

मी सरांच्या बाजूला उभी होते. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम करून त्यांचं उत्तर मला ठाऊक होतं. माहीत नाही. खरं उत्तर तेवढंच होतं. आणि ते उत्तर घेऊन या बाई विमानानं परत फ्रीमाँटला जाणार, त्यांच्या गोळीसकट, हेही मला दिसत होतं.

“होतं,” सर म्हणाले. “तेल गळत होतं. पोटाखाली ओघळ होता.”

“तुम्ही पाहिला?”

“वाकून पाहिला.”

“मग?”

“मग सही केली.”

ताईंनी विमान टेबलावर ठेवलं. नीट ठेवलं, चाकांवर. त्यांच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं त्याला मला अजून नाव देता येत नाही. कुणीतरी मानगुटीवरून उतरल्यासारखी त्यांची मान सैल झाली आणि त्याच क्षणी डोळे सरांवर असे रोखले गेले की मीच मागं सरकले.

“तुम्ही पाहिलंत आणि त्याला जाऊ दिलंत,” त्या म्हणाल्या. “आणि मी इतकी वर्षं...” पुढचं त्या बोलल्या नाहीत. जिना चढून वर गेल्या. कोट घातला. दाराशी काकूंकडे वळल्या.

“उषा, तुला माहीत होतं?”

काकूंनी सरांकडे बघितलं. सर खालच्या पायरीवर उभे होते, तोंड खाली.

“हो,” काकू म्हणाल्या.

शालिनीताई गेल्यावर काकू सरांवर जेवढ्या संतापल्या तेवढं संतापलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. माहीत नव्हतं तर सांगितलंत का, माझ्या तोंडूनही वदवलंत, आता ती आयुष्यभर शिव्या देईल तुम्हाला आणि मला, असं पुष्कळ बोलल्या. रेणू कोपऱ्यात रडत होती. “शी हेट्स यू नाऊ, डॅड.” सर ऐकून घेत होते. शेवटी इतकंच म्हणाले, “तिची गोळी नक्की होती. माझा डाग नक्की नव्हता. दोघांपैकी माझ्याकडेच बदलायला जागा होती.”

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा विमानाच्या पोटावर डाग होता. एका फटकाऱ्यात केलेला, नाकाकडून शेपटीकडे बारीक होत गेलेला, कडेला धूळ चिकटल्यासारखा. वरून चकचकीत वार्निशचा एक थर, ओलं तेल वाटावं म्हणून. मी त्यांचं इतकं चांगलं काम कधी पाहिलं नव्हतं आणि तसं म्हटलंही.

“खरा वाटतो ना?” सर म्हणाले. “हेच वाईट आहे. आता मलाही तो तिथं दिसतो.”

त्यानंतर त्यांनी विमान धुतलं नाही.

शालिनीताईंनी नणंदेला सांगितलं, नणंदेनं मंडळात. संक्रांतीच्या कार्यक्रमाला काकू तिळगूळ घेऊन आल्या होत्या. लोकांनी तो घेतला, गोड बोला म्हणाले आणि दुसऱ्या टेबलांवर जाऊन बसले. काकूंच्या टेबलावर आम्ही दोघंच. पार्किंग लॉटमध्ये एका गृहस्थांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेतलं. “यार, वैमानिक मारला त्या माणसानं. स्वतः कबूल केलंय. तुझी बायको त्याच्याकडे काम शिकते?”

नवऱ्यानं ते ऐकून घेतलं आणि गाडीचं दार उघडलं. मी बोलणार होते. दुसऱ्या दिवशी काकूंना फोन करून म्हटलं, की मी सगळ्यांना खरं काय ते सांगते, मी तिथं होते. काकूंनी शांतपणे विचारलं, “काय सांगशील? माहीत नव्हतं तरी बोलले, एवढं सांगितलंस की लोक विचारतील का बोलले. मग गोळीचं सांगशील?”

मी फोन ठेवला. सरांना निर्दोष ठरवायचं तर ती गोळी पुन्हा शालिनीताईंच्या ओंजळीत ठेवावी लागणार होती. दुसरी वाट नव्हती. काकूंना हे माझ्याआधी समजलं होतं आणि म्हणून त्या दाराशी ‘हो’ म्हणाल्या होत्या. पुढं त्यांच्या घरी गणपतीला चार माणसं यायची तीही बंद झाली, रेणूच्या हायस्कूल ग्रॅज्युएशनला मंडळातलं कुणी आलं नाही. काकूंनी एकदाही तोंड उघडलं नाही.

ऑफिसात सरांचं काम चालू होतं, पण मला काहीतरी वेगळं वाटू लागलं होतं. ते पूर्वीइतकंच फिरत, वाकत, आणि मग सही न करता बसून राहत. एक पेटी तीन तीन दिवस अडकू लागली. रेनं ओरडणं सोडून दिलं होतं. तो नुसता दाराशी येऊन उभा राहायचा आणि परत जायचा. एका सकाळी सरांनी मला बोलावून सांगितलं की त्यांनी राजीनामा दिला आहे. मी का विचारलं. रेणूचं कॉलेज तेव्हा नुकतंच सुरू होणार होतं.

“मला माहीत नसलेल्या गोष्टीला मी हो म्हटलं,” ते म्हणाले. “वाईट वाटत नाही त्याचं. पुन्हा विचारलं तर पुन्हा म्हणेन. पण आता व्हॉल्व्ह समोर आला की मला जे दिसतं ते तिथं आहे म्हणून दिसतं, की कुणाला हवं आहे म्हणून दिसतं, ते कळत नाही. अशा माणसानं सही करू नये.”

मी समजूत घालायचा प्रयत्न केला. ते ऐकत राहिले, मला बोलू दिलं. मग मी तपासून ठेवलेला एक भाग उचलून त्यांनी मलाच विचारलं, की हा बरोबर आहे का. मी हो म्हटलं. “बघ, तुला किती पटकन कळलं,” ते म्हणाले आणि भाग परत ठेवला.

शेवटच्या दिवशी रेनं केक आणला होता. “नॅड, हू इज गोइंग टू ड्राइव्ह मी क्रेझी नाऊ?” तो म्हणाला आणि मोठ्यानं हसायला गेला, पण ते हसू नीट आलं नाही. त्यानं सरांना मिठी मारली. सर अवघडून उभे राहिले. त्यांची जागा पुढं मला मिळाली. मी ती जमेल तशी चालवली. त्यांनी शिकवलेलं नसतं तर एक दिवस चालवता आली नसती.

त्यानंतर आमच्या भेटी कमी होत गेल्या. सर घरी असले तरी वर येत नसत. माझ्या नवऱ्याला टेक्ससमध्ये अर्विंगला नोकरी मिळाली आणि आम्ही घर विकायला काढलं. विकण्याआधी भिंतींना एक हात द्यावा म्हणून मी रंगाचा डबा घ्यायला हायवेवरच्या एका मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. रंगाच्या काउंटरमागे सर उभे होते. लाल एप्रन, छातीवर ‘नॅड’ लिहिलेली पट्टी. ते मला बघून ओशाळले नाहीत. उलट आनंदानं कधी निघणार, टेक्ससमध्ये उन्हाळा फार असतो, काकूंना भेटून जा, असं सगळं बोलले. माझ्या डब्याचं झाकण त्यांनी रबरी हातोडीनं चारी बाजूंनी ठोकून बसवलं आणि पिशवीत घालून दिलं. मी वाकून नमस्कार केला. काउंटर मध्ये होता, त्यामुळे तो कुठंतरी हवेतच राहिला.

माझ्यामागे एक वयस्क अमेरिकन बाई उभ्या होत्या. त्यांच्याजवळ पडद्याच्या कापडाचा तुकडा होता आणि पांढऱ्याच्या दोन छटांच्या, नमुन्याच्या कागदी पट्ट्या. मी दारापर्यंत गेले आणि मागं वळून बघितलं. बाईंनी पट्ट्या काउंटरवर शेजारी शेजारी मांडल्या होत्या आणि त्या विचारत होत्या, की या दोन्हींतला कोणता या कापडाला जुळेल. मला वाटलं, आता सर चष्मा कपाळावर चढवतील.

“यू डिसाइड, मॅम,” सर म्हणाले. “आय ओन्ली मिक्स.”

बाई म्हणाल्या, तुम्ही रोज रंग बघता, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले असतील, तुम्हाला काय वाटतं तेवढं सांगा. सरांनी मान हलवली, अगदी नम्रपणे, आणि हात मागं घेऊन वाट बघत उभे राहिले. शेवटी बाईंनी कंटाळून एक पट्टी पुढं सरकवली. सरांनी ती उचलली, उलटी केली, मागचा नंबर वाचला आणि रंग मिसळायच्या यंत्राकडे वळले. रंगाच्या बाजूकडे त्यांनी पाहिलं नाही.